नातेवाईक नसलेली दोन माणसं

अकोटच्या जिनमधली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, माझी नोकरी ऐन हंगामात सुटली. कापूसच येत नव्हता, तर मला ठेवून ते करणार काय? मी अमरावतीला खोली घेतली आणि रोज इस्त्रीचा शर्ट घालून राजकमल चौकाजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसू लागलो. इस्त्री कुणासाठी, ते विचारू नका. दिवसभरात माझ्याशी बोलणारा एकच, कॅफेचा मालक. तोही 'तीन नंबरवर बसा' एवढंच बोलायचा.

नोकरीच्या वेबसाइटवर माझं प्रोफाइल होतं. किती कंपन्यांनी ते उघडून पाहिलं, याचा आकडा कोपऱ्यात दिसायचा. महिनाभर तो शून्यावरून हलला नाही. शेवटी मालकालाच माझी कीव आली. खुर्ची ओढून बसला आणि त्यानं माझा बायोडेटा पार झाडून काढला. वडिलांचा व्यवसाय उडवला. गावाचं नावही उडवलं, कारण आमच्या भागाचं नाव तेव्हा पेपरात फक्त शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी यायचं आणि लोक नोकरीचं सोडून तेच विचारत बसायचे. जिनमध्ये मी कापसाची प्रत बघायचो, त्याचं त्यानं 'क्वालिटी कंट्रोल असिस्टंट' केलं. वाचून मला माझ्याबद्दलच आदर वाटला.

आठवड्याभरात पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंचा फोन आला. मुलाखत फोनवरच झाली आणि बरी झाली. मग त्यांनी माझी खात्री देतील अशा दोन माणसांची नावं मागितली. नातेवाईक चालणार नव्हते. एक नाव मालकानं स्वतःचं दिलं. दुसऱ्यासाठी मी दोन दिवस डोकं धरून बसलो. एवढ्या मोठ्या शहरात मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. मेसवाल्या बाईंना माझं नाव माहीत नव्हतं. त्यांना तरी कशाला दोष द्यायचा, मीही त्यांचं विचारलं नव्हतं.

शेवटी अकोटच्या चाचांचं नाव दिलं. चाचा जिनमधले जुने ग्रेडर. चिमटीत कापूस ओढून धागा किती लांब निघेल ते ओळखायला त्यांनीच मला शिकवलं. माझ्या वडिलांना ते भाऊ म्हणायचे, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाढायला मी घरच्यासारखा उभा होतो. कधीही फोन केला तरी ठेवताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, "जेवला काय?"

दोन दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन. नातेवाईक नको म्हणून सांगितलं होतं ना, असं त्या जरा चिडूनच म्हणाल्या. हा मुलगा तुमचा कोण, असं त्यांनी चाचांना विचारलं होतं. चाचांनी 'पुतण्या' म्हणून सांगितलं आणि वर माझं भरभरून कौतुक केलं. आमच्याकडे असंच म्हणतात, हे मी बाईंना परोपरीनं समजावलं. बाई भल्या होत्या. उद्या अकराला पुन्हा विचारते, म्हणाल्या, पण कागदावर नीट यायला हवं.

मी लगेच चाचांना फोन लावला. उद्या सांगा, आपलं काही नातं नाही, पोरगा फक्त हाताखाली कामाला होता, असं त्यांना म्हणालो.

"पन म्या खोटं कुठी सांगतलं?"

"चाचा, त्याहिले कागदावर तसंच लागते."

त्यांनी माझेच शब्द घोळवून पाहिले.

"सांगतो बाबू. तू माया कोनी नाई. असंच ना?"

"हो," मी म्हणालो. किती पटकन म्हणालो, याची आजही लाज वाटते.

त्यांनी फोन ठेवला. जेवला काय, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी शिकवल्याप्रमाणे चोख सांगितलं आणि मला नोकरी लागली. पुण्यात खोली मिळाली, ती अमरावतीच्या खोलीपेक्षाही मुकी. पहिल्या संध्याकाळी मी चाचांना फोन केला. ते खूष झाले, दुआ दिली, नीट राहा म्हणाले. मी वाट पाहत थांबलो. ते फोन ठेवायला लागले, तेव्हा मीच घाईनं सांगून टाकलं, की मी जेवलोय.

त्यांनी विचारलं नव्हतं. आणि मी जेवलोही नव्हतो.