माशांच्या पाण्याची बादली

मालनबाईला मासे आवडत नव्हते. खायला नाही आणि बघायलाही नाही. तरी मखमलाबाद रोडवरच्या तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी काचेची टाकी होती, टाकीत केशरी मासे होते, आणि त्यांची सगळी उस्तवार तिच्याच गळ्यात होती. हौस कुणाची, तर पोराची. मयूरला कॉलेजात असताना मासे पाळायचा झटका आला, पुढे नोकरी लागून तो पुण्याला गेला आणि मासे राहिले इथे. फोन केला की आधी विचारायचा, मासे बरे आहेत ना? आईला ताप आला होता हे त्याला आठ दिवसांनी कळलं. जाऊ द्या, सगळ्यांची पोरं अशीच असतात.

बाई पन्नाशी ओलांडलेली. सकाळी द्वारका चौकाजवळच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला जायची. तापलेल्या भट्टीपुढे उभं राहून राहून पायांचे नुसते खांब व्हायचे. दुपारी घरी यायचं तर घरी सासू. नवरा संतोष सातपूरच्या कारखान्यात पाळीवर. माणूस वाईट नाही, पण थकून आला की भिंतीकडे तोंड करून झोपणारा. त्याला काय बोलायचं? तो थकत नाही असं थोडंच आहे.

रविवारी टाकीचं पाणी बदलायचं. नळीचं एक टोक टाकीत बुडवायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं आणि पाणी आलं की झटकन बादलीत सोडायचं. अंदाज चुकला की तोंडभर माशांचं पाणी. असं इतक्यांदा झालं होतं की त्या मातकट, शेवाळी चवीची तिला शिसारीसुद्धा येईनाशी झाली होती. पहिल्या वर्षी ती हे पाणी मोरीत ओतून द्यायची. ते थांबवलं सासूने, भागीबाईने. म्हातारी दिंडोरीकडच्या खेड्यातली, उभं आयुष्य विहिरीवरून पाणी शेंदलेलं. बादलीभर पाणी मोरीत जाताना बघून तिला राहवेना. माशांनी घाण केलेलं पाणी म्हणजे शेणखतच की, तुम्हा शहरातल्या बायांना अक्कल कशी नाही, असं म्हणून तिने बादली ओढत बाल्कनीत नेली आणि कुंड्यांना घातली. महिन्याभरात मोगरा असा काही फुटला की खालच्या मजल्यावरची पल्लवी वर बघायला आली आणि कुठलं खत घालता म्हणून विचारायला लागली. कढीपत्त्याला तर इतका पाला, की वाटून वाटून संपेना. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर येई, लोक झाडं वाळू देत, यांची बाल्कनी मात्र हिरवीगार.

तुळशीला मात्र हे पाणी नाही. माशांचं ते माशांचं, तुळशीला नळाचं चोख पाणी तांब्यातून. याबाबतीत म्हातारी ऐकायची नाही.

त्या वेळची म्हातारी खमकी होती. आताची तशी उरलेली नव्हती. गेल्या दोनेक वर्षांत तिच्या डोक्यातलं एकेक घर रिकामं होत गेलं. जेवली की विसरायची आणि शेजारी जाऊन सांगायची, मला उपाशी ठेवतात. एकदा गॅस सोडून ठेवला, पेटवलाच नाही. रात्री उठून दार वाजवायची, मला माझ्या घरी जायचंय. मालनबाई उठायची, समजूत काढायची, परत निजवायची, की थोड्या वेळाने परत तेच. पहाटे उठून खानावळ गाठायची ती तशीच. बाईच्या अगदी नाकी नऊ आले. पण रोज मरे त्याला कोण रडे? सांगायचं कुणाला?

धाकटा दीर शेखर गावाकडे होता. आईला इकडे पाठवा असं तो दरवेळी म्हणायचा, पण कसं ठेवणार हेही सांगून टाकायचा. त्याची बायको दिवसभर द्राक्षांच्या कामावर, तो ट्रॅक्टरवर, घराशेजारीच विहीर. तेव्हा दिवसा आईला आत ठेवून बाहेरून कडी लावू, जेवण आत ठेवून जाऊ, दुसरा काय इलाज? खोटं बोलत नव्हता तो. खरंच दुसरा इलाज नव्हता.

ती कडी मालनबाईच्या गळ्याखाली उतरायची नाही. म्हणून ती वर्षभर सगळं तोलून धरत आली होती. संतोषने विषय काढला की ती म्हणायची, आत्याबाईंना अजून भान आहे, झाडांना पाणी घालतात ना नेमाने? आणि ते खरं होतं. सगळं विसरलेली म्हातारी दुपारी चारच्या सुमाराला आपण होऊन उठायची, माशांच्या पाण्याच्या निळ्या बादलीतून मग भरून एकेका कुंडीला पाणी घालायची, बादली तळाला गेली की नळाचं पाणी वाढवून रविवारपर्यंत पुरवायची. एकही कुंडी चुकायची नाही. तुळशीशी आली की हातातला मग खाली ठेवून तांब्या घ्यायची. तेवढा वेळ मालनबाई आतल्या खोलीत आडवी व्हायची. दिवसातली तिची खरी झोप तेवढीच. झाडं हिरवी आहेत तोवर म्हातारी इथे, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण घरात तसं ठरल्यासारखंच झालं होतं.

आणि शिमगा झाल्यावर झाडं जळायला लागली.

आधी मोगऱ्याच्या पानांच्या कडा तांबूस झाल्या, इस्त्री लागलेल्या कापडासारख्या. उन्हानं असेल म्हणून मालनबाईने कुंडी सावलीत सरकवली. मग जास्वंदीने कळ्या टाकल्या. गवती चहा पिवळा पडला, मिरची माना टाकून बसली. कढीपत्ता, तो भरगच्च कढीपत्ता, हात लावला की पानं गळायला लागली. पल्लवी म्हणाली, पाणी कमी पडतंय. म्हणून मालनबाईने सासूला सांगितलं, जरा जास्त घाला. म्हातारीने मन लावून जास्त घातलं. आठवड्यात सगळ्याच्या काटक्या झाल्या.

मालनबाई बाल्कनीच्या दारात उभी राहून बघत होती. भागीबाई वाळक्या काड्यांना मगाने पाणी घालत होती, हळूहळू, एकेका कुंडीशी थांबून. झाड मेलंय हे तिच्या गावीही नव्हतं. मालनबाईला वाटलं, संपलं. काय ओतलं असेल हिने? फिनेल? उकळतं पाणी? आज झाडं मारली, उद्या घर पेटवेल. वर्षभर ज्या एका गोष्टीचा आधार धरला होता तीच हातातून सुटली, आणि खरं सांगायचं तर तिला आतून सैल वाटलं. आता कुणी आपल्याला नावं ठेवणार नाही. आपण केलं तेवढं केलं.

तिने स्वतःच शेखरला फोन लावला. तो रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. संतोषने नुसती मान हलवली. त्या रात्री म्हातारीने दार वाजवलं तेव्हा मालनबाईला रागही आला नाही. थोडेच दिवस, असं म्हणत ती उठली. रविवारनंतर पडल्या पडल्या झोप लागेल, सकाळपर्यंत कुणी उठवणार नाही, एवढ्या एका विचारावर तिने तो आठवडा काढला. पोळ्या लाटतानासुद्धा तिला झोपेचीच स्वप्नं पडायची.

शनिवारी तिने सासूची पिशवी भरली. लुगडी, स्वेटर, कानटोपी, पाठीला चोळायचं तेल. मग बाल्कनी आवरायला घेतली. मेलेल्या झाडांच्या कुंड्या ठेवून काय करायचं? एकेक उपटून माती पोत्यात भरायची, असं ठरवून ती खाली बसली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला तुळस दिसली.

म्हणजे तुळस रोज दिसतच होती. पण सगळ्या काटक्यांच्या मधोमध ती एकटी हिरवी आहे, मंजिऱ्यांनी भरलेली आहे, हे आता दिसलं. तेच ऊन, तीच बाल्कनी, घालणारा हातही तोच. फरक पाण्याचा. माशांचं पाणी प्यायली ती सगळी झाडं गेली. पण मासे तर टाकीत मजेत फिरत होते. मग टाकी आणि कुंडी यांच्या मध्ये काय? मध्ये बादली.

निळी बादली कोपऱ्यात होती. तळाशी थोडं गढूळ पाणी होतं. मालनबाईने त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. माशांच्या पाण्याची चव तिच्याइतकी कुणाला ठाऊक? आणि हे पाणी खारट होतं, नुसतं खारट नाही, जीभ चरचरेल इतकं. तिने हात घालून तळ चाचपला तर न विरघळलेले खडे हाताला लागले. कुंड्यांच्या मातीवर पांढरी पापडी धरली होती, ती तिने इतके दिवस धूळ समजली होती.

ते खडे हातात घेऊन ती बसून राहिली. मग हळूहळू आठवलं. खडेमिठाच्या पिशवीला उंदराने तोंड लावलं होतं. असलं मीठ बाया टाकून देत नाहीत. पाण्यात विरघळवतात आणि मग ओतून देतात, पायदळी जाऊ देत नाहीत, हे तिला आईकडून ठाऊक होतं. पण त्या दिवशी अंगात ताप होता, खानावळीतून आल्यावर डोळे उघडत नव्हते. कोण विरघळवत बसतंय म्हणून तिने ती पिशवी तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, सकाळच्या घंटागाडीसाठी.

म्हातारी आत पलंगावर बसून पदराचं टोक गुंडाळत होती. मालनबाईने ओंजळ तिच्यापुढे धरली.

"आत्याबाई, बादलीत हे मीठ तुम्ही टाकलं?"

भागीबाईने खडे बघितले. एक उचलून बोटांत चोळला. मालनबाईला वाटलं, हिला काय आठवणार. पण म्हातारी अगदी जुन्या, खमक्या आवाजात बोलली.

"मी नाय. तू टाकलंस. कचऱ्यात."

"मग?"

"मग काय? मीठ टाकलं की वर गेल्यावर पापण्यांनी येचाया लागतं, ठावं नाय तुला? येवढाले खडे ते. दिसभर राबती, रातचं झोप नाय. डोळं आधीच लाल हायेत तुझं." म्हातारीने हात पुढे करून सुनेच्या पापणीला बोट लावलं. "कशानं येचशील गं पोरी? म्हणून मी काढलं आन् मूठमूठ करून पाण्यात इरघळवलं. आता नाय लागायचं येचाया."

एवढं बोलून ती परत पदर गुंडाळायला लागली. थोड्या वेळाने विचारलं, माझा भाऊ कधी येणार मला न्यायला? तिचा भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

रविवारी शेखर आला. चहा झाला. आईची पिशवी कुठंय म्हणून त्याने इकडे तिकडे बघितलं. पिशवी दारातच होती. मालनबाई मध्ये उभी राहिली.

"शेखरभाऊ, झाडं माझ्या हातानं जळली," ती म्हणाली. "मीठ मी टाकलं होतं. आत्याबाईंचा काही दोष नाही. त्या इथंच राहतील."

शेखरला काही कळलं नाही, पण त्याने फार खोदूनही विचारलं नाही. नको वहिनी, तुमची ओढाताण होते, असं तो एकदा म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला नाही. जाताना आईच्या पाया पडला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मालनबाईला स्पष्ट दिसला. सुटला बिचारा. संतोषने तिला विचारलं, हे काय मध्येच? ती चहाचे कप उचलायला लागली. काय सांगायचं होतं? त्याच्या आईने गॅस सोडून ठेवला ते खरं, उपाशी ठेवतात म्हणून बोंब मारली ते खरं, रात्र रात्र छळलं ते खरं. आणि सगळं विसरून गेलेल्या त्या डोक्यात मालनचे डोळे दुखतील एवढं मात्र राहिलं होतं. अशा माणसाला बाहेरून कडी कशी लावायची?

तिने पिशवी उघडली आणि लुगडी परत कपाटात रचली. कानटोपी खिळ्याला अडकवली. तेल खिडकीत ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली आणि तिला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून ती बराच वेळ रडली. म्हातारीच्या मायेनं रडत होती, आणि हातातोंडाशी आलेली झोप गेली म्हणूनही रडत होती, आणि त्यातलं कुठलं जास्त होतं हे तिला विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं नसतं.