सिद्राममामांची दुसरी वाटी

आमच्या सिद्राममामांनी उभ्या आयुष्यात बाहेर काही खाल्लं नाही. विचारायचं होतं त्यांनाच! भज्यांच्या कढईपाशी उभे, दोन्ही गाल फुगलेले, मिशीला चटणी, आणि वर मलाच म्हणणार, "चव बघतोय गं पोरी. खातोय कुटं?"

उन्हाळ्यात ऊन कललं की सोलापुरात आमच्या पेठेजवळ खाण्याची जत्रा भरायची. गुलगुले, धपाटे, लसणाची भजी, माठातला मठ्ठा. मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चव बघत जात आणि तशीच चव बघत परत येत. "जाताना भूक चव बघतीया, येताना जीभ," हे त्यांचं शास्त्र. नाक मात्र लई तिखट होतं. डोळे मिटून नुसत्या वासावर भजं कुणाच्या कढईतलं ते सांगायचे, आणि चुकायचे नाहीत.

माझे वडील लवकर गेले, म्हणून माझ्या लग्नाची बोलणी मामांकडे आली. मुलगा मी एकदाच पाहिला होता आणि मला तो मनापासून आवडला होता. दुसऱ्या कुणाशी लग्न करायची माझी तयारी नव्हती, सरळच सांगते. पण त्या घरची एक रीत होती. पाहुण्याला जेवायला हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर. ती त्यानं आपण होऊन दुसऱ्यांदा मागितली तरच सोयरिकीचं बोलायचं. नाही मागितली तर पाहुण्याला घर रुचलं नाही असं समजून पानसुपारी द्यायची आणि राम राम! आधीचं एक स्थळ असंच परत गेलेलं.

"सिद्राम, आज जत्रेकडं बघूसुदीक नगंस. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय," आईनं बजावलं.

"न्हाय गं आक्का, तुझी शपथ!" म्हणाले, आणि गेले ते जत्रेतूनच. रस्ताच तिकडून जातो, त्याला मी काय करणार, असं नंतर मलाच विचारत होते.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं, कारण त्या पंगतीत तिसऱ्या पाटावर हेच होते. वाटीभर हुग्गी, वर तुपाची धार. मामांनी एक घास घेतला आणि त्यांना घाम फुटला. गळ्यापर्यंत गुलगुले बसलेले, खीर जाणार कुठं? सासूबाई पळी घेऊन दारात उभ्या, मामा मागतात कधी याची वाट बघत. सासरेही वाटीत नुसतं बोट फिरवत बसलेले. ह्यांची वाटी तेवढी चाटूनपुसून लख्ख.

इतक्यात सासऱ्यांना ढेकर आला. त्यांनी तो उपरण्यात दाबला, पण मामांच्या नाकापुढं काय लपतंय! वाकून हळूच म्हणाले, "कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याची भजी. आजचीच."

सासरे दचकले. "हळू बोला की! देवळात जातो म्हणून सांगितलंय घरात."

"मग गुलगुलेबी खाल्ले असतील?"

"खाल्ले न्हाईत हो," सासरे कळवळून म्हणाले, "चव बघितली!"

मामांना जन्माचा सोबती सापडला. पण हुग्गीचं काय? सासूबाईंची पळी खाली यायला लागली होती. मामांनी एकदा आपल्या भरल्या वाटीकडे बघितलं, एकदा ह्यांच्या रिकाम्या वाटीकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, हुग्गी वाढा की आनखी! आमच्या जावईबापूंना!"

सासूबाई पळी बुडवत म्हणाल्या, "पाहुण्यानं मागितली नव्हं? झालं तर. कुणाच्या वाटीत वाढायची, ते काय रीतीत सांगितलेलं न्हाई."

आणि माझं लग्न ठरलं.

पुढं बरीच वर्षं उन्हाळा आला की मामा आणि माझे सासरे जोडीनं "देवळात" जायचे. आता दोघेही नाहीत. मामा गेले तेव्हा सासरे लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "आता कुणासंगं चव बघू?"

घरात हुग्गी शिजली की ह्यांच्या वाटीत मी न विचारता दुसऱ्यांदा वाढते. पोट भरलं असलं तरी हे नको म्हणत नाहीत. ती वाटी मामांनी मागितलेली असते.