कोठारावरची तबकडी
वाळत्या मोहफुलांचा वास आला की धाकट्या भावाच्या सोयरिकीची दुपार आठवते. फौजेत तो अण्वस्त्रांच्या कोठारावर पहाऱ्याला होता. हट्टा गावच्या पाहुण्यांशी घासाघीस करून मी सगळं जमवलं होतं. त्यांनी भावाला कुंकू लावलं की सोयरीक पक्की. तेवढ्यात मुलीच्या मामाने विचारलं, "तिकडं काय काय पाह्यलं, जवाईबापू?" भाऊ सरळपणे म्हणाला, "मिसाइलच्या वर उडती तबकडी थांबली होती जी. आवाज नाही काही, अन् आमच्या मशीनी बंद." मामा हसला, "पोरगं दिमागानं गेलं का?" मी मामाची कॉलर धरली. "सोड दादा, साहेबबी असेच हसले," भाऊ म्हणाला. पाहुणे कुंकू न लावताच उठले. आज बालाघाटच्या बाजारात घासाघिशीत माझ्यापुढे कुणी टिकत नाही. भाऊ मात्र फोनवर नुसतं "हौ" म्हणतो, आणि त्याच्याकडून एक शब्द जास्त मला काढता येत नाही.