खडूनं आखलेले ओटे

माझा धंदा स्वयंपाकघरं आखून देण्याचा. अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या खाली माझं छोटंसं ऑफिस आहे. घराचा नकाशा इंजिनिअर काढतो. गॅस कुठं, सिंक कुठं, फ्रिजचं दार कोणत्या बाजूला उघडेल, एवढंच माझ्याकडे येतं. लोक म्हणतात, "त्यात काय एवढं?" मी म्हणते, या, एक दिवस बसा माझ्या खुर्चीत! हॉलचा रंग ठरवताना नवरा-बायको गोड बोलतात. पण ओट्याचा विषय निघाला, की वीस वर्षांपूर्वी न मिळालेला चहासुद्धा बाहेर येतो. मग किस्से साचणार नाहीत तर काय! कधी कोणी पाहुणे आले की एक सांगायला बसते, आणि कुकर गार होईपर्यंत थांबत नाही.

माझ्यासोबत असतात पुंडलिकभाऊ. सुतार. बोलतात फार कमी, पण टेप खिशात असला तरी समोरच्याचं माप घेऊन मोकळे होतात!

*

पहिलं गिऱ्हाईक अगदी डोक्यावरचं. म्हणजे वरच्या मजल्यावर गणिताचे क्लास घेणारे सर. त्यांनी इंटरनेटवर कुठंतरी वाचलं होतं, की गॅस, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण झाला पाहिजे. सर आले ते आलेख-कागदावर त्रिकोण काढूनच!

"मॅडम, बघा. समभुज काढलाय. हिचं दिवसाचं चालणं जवळपास निम्मं होतं!"

त्यांची बायको शेजारच्या खुर्चीत शांत बसली होती. तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला.

"इतकं चालणं वाचते?"

"अगं, सिद्ध करून दाखवतो!"

"नको. वाचलं ते तुमी घ्या. उद्यापासून दळण तुमी आणत जा."

सर त्या दिवशी क्लासला दहा मिनिटं उशिरा गेले.

*

धामणगाव रेल्वेला एक धान्याचे व्यापारी आहेत. मोठं घर, नवा बंगला. सासू ठेंगणी, सून चांगली उंच. ओट्याची उंची कोपरावरून ठरते, म्हणून मी दोघींना भिंतीला उभं केलं आणि पुंडलिकभाऊंनी टेप काढला.

पहिल्या वेळी सासूबाईंचं माप एक आलं, दुसऱ्या वेळी दोन इंच जास्त. मला कळेना. खाली पाहते तर काय, सासूबाई चवड्यांवर उभ्या! आणि सून? तिनं गुडघे वाकवून ठेवलेले, पण फक्त सासू बघत असताना. सासू वळली की ताठ!

कारण सरळ होतं. माप जिचं मोठं, ओटा तिचा; आणि ओटा जिचा, स्वयंपाकघर तिचं. हे दोघींनाही माहीत होतं, फक्त तोंडानं कोणी म्हणत नव्हतं.

पुंडलिकभाऊ वर न पाहता म्हणाले, "एकीनं टाचा भुईले लावा, एकीनं गुडघे सरळ करा. नाई तं ओटा माळ्यावर जाईन."

शेवटी मी शहाणपणा केला आणि दोघींच्या मधलं माप धरलं. सहा महिन्यांनी व्यापारीभाऊ बाजारात भेटले. म्हटलं, "काय म्हणतो ओटा?"

"मॅडम, तुमचे लय उपकार! माह्या लग्नाले सात वर्षं झाले, पण सासू-सुनेचं कायी एकमत नव्हतं. आता झालं."

मी खूश. "कशावर?"

"ओटा चुकला म्हणतात दोघीबी!"

*

कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, हे मला उशिरा कळलं. मान डोलावतात, सही करतात, आणि ग्रॅनाइट बसल्यावर म्हणतात, "अरे, इथी तं हातच पुरत नाई!" तेव्हापासून मी फरशीवर खडूनं पूर्ण मापाचं स्वयंपाकघर काढते. ओटा, सिंक, फ्रिज, दार, भिंत, सगळं. मग घरच्या माणसांना सांगते, "चला, यात चहा करून दाखवा."

अमरावतीतच वंदनाताईंकडे असा खडू मारला होता. भिंती अजून उठायच्या होत्या, नुसती मोकळी जागा. ताई इतक्या रमल्या की खोट्या मिक्सरचा आवाजही तोंडानं काढत होत्या. तेवढ्यात त्यांचे मिस्टर फोनवर बोलत बोलत सरळ चालत आले.

"अहो!" ताई ओरडल्या. "भिंतीतून काहून येऊन राहिले? दरवाजा दिसत नाई का?"

बिचारे दचकून थांबले. फोन बंद केला. मागं गेले, वळसा घालून खडूच्या दाराशी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "टिंग टाँग!"

ताई ओट्यापासून हलल्या नाहीत. "कामात आहे. नंतर या."

*

बँकेतल्या एका साहेबांच्या घरी फार मोठा पेच होता. त्यांच्या मिसेसना ओट्यासमोर खिडकी हवी होती. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं राहते मी. एखादं झाड तं दिसू द्या!" साहेब म्हणायचे, भिंत फोडायची नाही. धूळ येते, प्लास्टर खराब होतं, शेजारी काय म्हणतील. तीन मीटिंगा झाल्या, भिंत जागची हलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांचाच फोन. "मॅडम, आजच्या आज माणूस पाठवा. भिंत फोडायची आहे. वास्तूत मोठा दोष निघाला!"

खिडकी झाली. सुंदर झाली. बाहेर कडुलिंब आणि त्याखाली भाजीवालीची गाडी. ओट्याशी उभं राहून मेथीचा भाव करता येत होता! काम संपल्यावर मी मिसेसना हळूच विचारलं, "दोष कोणी काढला हो? शास्त्री कोण?"

त्यांनी साहेब हॉलमध्ये आहेत ना, ते वाकून पाहिलं.

"कोणी नाई. मीच सांगितलं. मॅडम, माझं बोलणं यायले ऐकू येत नाई. दिशेचं ऐकू येते."

*

मेळघाटात सेमाडोहला एका कुटुंबानं घरातच दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या होत्या. स्वयंपाकघर नवं करायचं, पण अट एकच: माकडांच्या हाती काही लागायला नको. कारण वानरं यायची, भाकरीची टोपली उचलायची आणि छपरावर बसून घरच्यांसमोर जेवायची.

पुंडलिकभाऊंनी तिथं डोकं चालवलं. धान्याच्या आणि भाकरीच्या कप्प्यांना अशी कडी बसवली, की आधी दाबायची, मग उचलायची, मग बाजूला सरकवायची. बसवून झाल्यावर स्वतःच पाच वेळा उघडून पाहिली आणि चक्क हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

पंधरा दिवसांनी घरमालकाचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, कडी मजबूत हाय. पण अडचण झाली."

"काय झालं?"

"माकडाले उघडते. बायकोले उघडत नाई."

पुंडलिकभाऊंनी रंधा खाली ठेवला. मी विचारलं, "अरे बापरे! मग स्वयंपाक कसा करता आता?"

"काय करतो! माकडाची वाट पाहतो!"

*

आणि हे अकोल्याचे काका-काकू.

काका एसटीचे ड्रायव्हर. आयुष्यभर गाडी चालवून रिटायर झालेले. ऑफिसच्या दारातूनच "जय भीम, ताई!" म्हणाले आणि बसायच्या आधी काम सांगितलं. काकूंचे दोन्ही हात थरथरायला लागले होते. डॉक्टरांनी गॅसजवळ जायला मनाई केली होती. मुलगी नाशिकला. ती रोज फोन करून म्हणायची, "घर बंद करा अन इकडे या." काकू म्हणायच्या, "मी माह्या घरातून हलत नाई." मधे काका.

"मंग मी म्हटलं, मी शिकतो रांधाले," काका म्हणाले. "फक्त ड्रायव्हरच्या हिशेबानं करून द्या. सारं हाताशी. मान वळवा लागली नाई पाहिजे."

"आजपर्यंत काय काय केलंय स्वयंपाकघरात?"

"पाणी प्यालो."

आम्ही अकोल्याला गेलो. जुना ओटा काढून खोली मोकळी केली होती. मी खडूनं फरशीवर नवा ओटा आणि दार काढलं, भिंतीवर खण काढले. काकूंसाठी त्या खडूच्या दाराबाहेर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, कारण त्यांचीही एक अट होती: रांधताना यायचे हात मले दिसले पाहिजेत.

"काका, करा चहा."

काका ओट्याशी उभे राहिले. स्टिअरिंग धरावं तसे दोन्ही हात पुढं.

"पातेलं कोठी हाय?" काकूंनी खुर्चीतूनच विचारलं.

"खालच्या खणात."

"वाकता येते का तुमाले? ताई, वर घ्या ते."

मी पुसलं, वर काढलं. मग चहापत्तीचा डबा गॅसच्या फार जवळ होता, तो सरकवला. गाळणीला खिळा नव्हता, तो खडूनं काढला. काकूंनी बसल्या जागेवरून माझ्या चार चुका काढल्या, आणि चारही खऱ्या होत्या.

काकांनी गॅस पेटवला. पाणी टाकलं. काकू म्हणाल्या, "आलं?" काका थांबले, आलं किसलं. दूध ओतलं. उतू जाऊ नये म्हणून वाकून पाहत राहिले. पुंडलिकभाऊंनी पेन्सिल कानावर ठेवून दिली.

चहा गाळून झाला. काका दोन्ही हातांत नसलेला कप धरून निघाले, सांडू नये म्हणून अगदी सावकाश, खडूच्या दारातून. काकूंनी थरथरते हात पुढं केले. काकांनी त्यांखाली आपला तळवा धरला. काकूंनी एक घोट घेतला.

"चहा बरा झाला," काकू म्हणाल्या. मग हातांकडे पाहिलं. "पण हा कप पाव्हण्यायचा हाय."

काका वळले, दारातून परत आत गेले, आणि कप बदलून आणला.