माहेरच्या बाभळी

अमरावतीत आमची लाकडाची टाल, म्हणजे वखार आहे. घरोघरी गॅस आला, तरी लग्नाचे आचारी, भट्टीवाले हॉटेलवाले आणि स्मशान यांचं लाकडावाचून भागत नाही. भुशानं नवऱ्याला दमा लागला, तेव्हापासून तो वजनकाट्यावर बसतो आणि खरेदीला मी फिरते. बाईमाणसाला झाडातलं काय कळतं, असं लोक तोंडावर विचारतात. मला फसवणारा माणूस कळतो, तेवढं पुरतं, असं मी सांगायचे. आता सांगत नाही.

या धंद्यात बुडायचं असेल तर माणूस खरेदीतच बुडतो. झाड उभ्यानं घ्यायचं, पैसे आधी द्यायचे, आणि वजन कळणार ते तोडून काट्यावर चढवल्यावर. म्हणून सौद्याआधी आमचा जुना लाकूडतोड्या प्रत्येक खोडाला कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं ठोकतो आणि कान देतो. खोड भरीव की पोकळ, ते त्याला आवाजावरून समजतं. त्यानं मान डोलावल्याशिवाय मी पैशांच्या पिशवीला हात लावत नाही. झाडवाले चिडतात, चहासुद्धा विचारत नाहीत. न विचारू देत.

एकदाच मी त्याला सोबत नेलं नाही.

माझं माहेर मोर्शीकडे. वडील गेल्यावर मी वावरातला हक्क सोडून दादाच्या नावानं सही करून दिली. आमच्याकडे बहुतेक बहिणी तसंच करतात. जमीन मागितली की माहेर तुटतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. वहिनीनं साडी दिली, ती मी तिथेच नेसले आणि मिरवले. माहेर आता जन्मभराचं पक्कं झालं, असं मला खरंच वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला दादाचा फोन आला, की धुऱ्यावरच्या, बांधावरच्या अकरा बाभळी काढायच्या आहेत, तूच घे. निघताना लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन जीपजवळ उभा. त्याला म्हटलं, तू राहू दे. भावाची झाडं ठोकून पाहायची, तीही वहिनीच्या देखत? नुसत्या विचारानं मला लाज वाटली.

वहिनीनं पाटोड्यांची भाजी केली होती, सोबत न्यायला संत्र्यांची थैली भरून ठेवली होती. दादानं चाळीस हजार सांगितले. जास्त होते, पण भावाशी घासाघीस करायला जीभ रेटेना. दिले. येताना जीपमध्ये संत्री सोलून खात होते, इतकी मी खूश होते.

माल टालीवर आला तेव्हा काट्याचा आकडा अंदाजाच्या निम्म्याच्याही खाली थांबला. अकरांपैकी सात खोडं आतून पोकळ निघाली.  लाकूडतोड्यानं मला जवळ बोलावून सालीवरचे गोल चेचलेले डाग दाखवले. आपल्याआधी कोणीतरी ही झाडं ठोकून पाहिली आहेत, म्हणाला.

मी लगेच फोन लावला. मला वाटलं, दादा नाही म्हणेल, निदान खोटं तरी बोलेल. त्यानं तेवढीही तसदी घेतली नाही.

"परतवाड्याचा व्यापारी पाहून गेला होता, बाई. तो नाही म्हणे, म्हणून तं तुले देल्या. तू काय ठोकून पाहणार होती का?"

मी फोन ठेवला. पैसे गेले याचा राग चार दिवसांत उतरला असता. धंदा म्हटलं की बुडीत खरेदी येतेच. पण माझी लाज किती किमतीची, हे दादानं आधीच जोखून ठेवलं होतं. ते अजून उतरत नाही.

यंदा पुन्हा फोन आला. आंब्याजवळचे दोन कडुनिंब काढायचे होते. मी गेले नाही, लाकूडतोड्याला पाठवलं. संध्याकाळी तो भरल्या ट्रकवरून हसत उतरला. दादानं पंचवीस हजार सांगितले, यानं ठोकून पाहिलं आणि बारा म्हटले. "पयल्याच बोलीले हो म्हणे. काही खळखळ नाही केली." नवरा म्हणाला, सौदा चांगला झाला.

दादानं माझी चौकशी केली का, असं मी विचारलं.  लाकूडतोड्या म्हणाला, नाही, नगदी आणले का एवढंच विचारलं.

परक्या माणसाला माझ्या भावानं एका शब्दात खरा भाव दिला होता. मी टालीवरच, गिऱ्हाइकांसमोर रडले. लपवलंही नाही.