नावातला चौकोन
प्रिंटरमधल्या गरम कागदाचा वास आला, की पाटोद्यातलं माझं टायपिंगचं दुकान आठवतं. ऊसतोडीला जाणारी एक बाई लेकीचा वसतिगृहाचा अर्ज घेऊन शाळेतून परत आली होती. मी दिलेल्या फाइलमधला जुन्या फाँटचा ‘ऋ’ शाळेच्या संगणकाला कळला नव्हता. लेकीच्या नावाच्या सुरुवातीलाच रिकामा चौकोन छापून आला होता. मी म्हणालो, “चालतंय, मावशी. बाकी नाव बरोबर हाय.” ती म्हणाली, “मला वाचाया येत न्हाई, पर लेकीचं नाव वळखते. ह्यो डबा कावून? तिला माघारी धाडलं तर उसाच्या फडावर न्यावं लागंल.” मी ओशाळलो. सगळा अर्ज कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. तिनं ‘ऋ’वरून बोट फिरवलं, मगच कागदाची घडी घातली. त्या वर्षी ती तोडीला लेकीशिवाय गेली. आजही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मी कुणाचं नाव हाती देत नाही.