गूळ, गुय आणि पिवळी गाय

मी काही लिहावं एवढं माझं वाचनही नाही आणि वयही नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. काही लिहिलं की शुद्धलेखन चुकलं असेल, हीच भीती आधी वाटते. सांगायचंय तेही एका चुकलेल्या अक्षराबद्दलच.

वारज्यातल्या एका छोट्या कंपनीत मी इंटर्न होतो. सहा महिने संपत आले होते आणि मला कायम ठेवायचं की नाही, ते ठरणार होतं. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याची वेबसाइट आमच्याकडे होती. किराणा दुकानदार तिच्यावरून माल मागवायचे, पण शोधताना एक अक्षर चुकलं तरी ‘सापडले नाही’ यायचं. अक्षर इकडचं तिकडे झालं तरी माल सापडावा आणि यादीत जुळलेला शब्द पिवळा दिसावा, हे काम माझ्याकडे आलं.

ऱ्हस्व-दीर्घ एकच मानले. न आणि ण एकच मानले. मग बराच वेळ थांबून आणखी एक ओळ लिहिली: ळ आणि य एकच.

आमच्या टीमच्या मॅडम कोड तपासताना तिथेच थांबल्या.

“ळ आणि य? हे कुठून काढलंस?”

“आमच्या वऱ्हाडात... गुळाला गुय म्हणतात, मॅडम.”

“पण लिहितात का तसं?”

“आई लिहिते.”

पहिल्या वर्षाला मी वर्गात ‘डोये दुखतात’ म्हणालो होतो आणि सगळे हसले होते. तेव्हापासून मी पुण्यात ळ जपून उच्चारतो. मॅडम हसल्या नाहीत. “ठेव,” एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी व्यापाऱ्यांचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

“अहो मॅडम, मी गूळ शोधला, तर वरतीच ‘गाय तूप’. त्यात गाय पिवळी केलेली! आम्ही किराणा विकतो हो, गुरांचा बाजार नाही भरवत.”

सगळं ऑफिस हसलं. माझे कान तापले. ळ-यच्या जोडीला मी आणखी एका चुकीची सूट ठेवली होती. दोन अक्षरांच्या शब्दात तेवढ्याने गुळाचा गुय आणि गुयची गाय झाली. एरवी कुणाच्या नजरेतून सुटलीही असती, पण मीच तिला रंग लावून ठेवला होता.

ळ-यची ओळ पुसली की प्रश्न मिटत होता. कायम व्हायचं असेल तर तेच शहाणपणाचं, असं वाटत होतं. पुसायला घेतलीही. पण ती पुसली की आईला गूळ सापडणार नव्हता. शेवटी दोन अक्षरी शब्दांची ती जादा सूटच काढून टाकली.

“परत गाय दिसली तर फोन तू घ्यायचास,” मॅडम म्हणाल्या.

पुढचे चार दिवस फोन वाजला की मी आधी ‘गूळ’ शोधून बघायचो. पाचव्या दिवशी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या.

“यार्डातून फोन होता. चाकणकडचा एक दुकानदार, मूळचा तुमच्याच भागातला. नेहमी फोनवरून माल सांगायचा. आज त्याने पहिल्यांदाच वेबसाइटवर ऑर्डर टाकली, ‘गुय’ शोधून. व्यापारी विचारत होते, हा गुय काय प्रकार आहे?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, आमच्याकडे एक जण आजपासून कायम झालाय, तो सांगेल. लाव फोन.”